आवाज फाटू नये म्हणून

आमच्या घरात ‘आवाज फाटला’ ही सगळ्यात मोठी शिवी. बाकीच्या शिव्या आप्पा, म्हणजे माझे वडील, हसून सोडून देतात. कोल्हापुरात राहायचं म्हटल्यावर तेवढी कातडी जाड ठेवावीच लागते. पण एखाद्या लग्नात कर्ण्यातून मंगलाष्टक चरचरत आलं आणि मांडवातून कुणी ओरडलं, “ओ मशीनवाले, फाटतंय की!” तर आप्पांच्या तोंडाची चवच जायची. घरी आल्यावर जेवणाआधी ते मशीन उघडून बसायचे आणि अव्वा, म्हणजे माझी आई, ताट झाकून ठेवायची.

मंगळवार पेठेत आमचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. अँप्लिफायरला आमच्या धंद्यात मशीन म्हणतात आणि ते चालवणाऱ्याला सगळा मुलूख मशीनवाला म्हणतो. त्याला नाव नसतं. नवरदेवाच्या मामापासून सरपंचापर्यंत जो तो ‘ए मशीनवाला’ म्हणून हाक मारतो. मला ही हाक पहिल्यापासून आवडत नाही. आप्पांना मात्र तिच्यात काही वावगं वाटत नाही. आवाज स्वच्छ असला की झालं. नृसिंहवाडीला एका उत्सवात पुजाऱ्यांनी त्यांना म्हटलं होतं, तुमच्या कर्ण्यातून मंत्राचा अनुस्वारसुद्धा ऐकू येतो. ते वाक्य आप्पा अजून पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुणेही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतात.

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो, आणि मला हवा फाटलेला आवाज.

मी हेवी मेटल वाजवतो. या संगीतात गिटारचा आवाज फाडावाच लागतो, पण वाटेल तसा नाही. फोडणी तडतडणं वेगळं आणि करपणं वेगळं. तार तळव्यानं दाबून वाजवली की छातीत बुक्की बसल्यासारखा ठोका आला पाहिजे आणि लगेच थांबलाही पाहिजे. चिखलात पाय रुतल्यासारखा खाली रेंगाळता कामा नये. हे काम व्हॉल्व्हचं मशीन जसं करतं तसं दुसरं कुणी करत नाही असं माझं मत आहे. व्हॉल्व्ह म्हणजे त्या काचेच्या नळ्या, ज्या तापल्याशिवाय बोलत नाहीत. यावरून मी पुण्यात मित्रांशी भांडलो आहे. मोबाइलमध्ये सगळे आवाज मिळतात म्हणणाऱ्या एकाशी तर मी बरेच दिवस बोलत नव्हतो. माझा स्वभाव तसा आहे, त्याला इलाज नाही.

पुण्यात होतो तेव्हा दिवसा एका स्टुडिओत वायरी ओढायचो आणि संध्याकाळी एका बँडमध्ये वाजवायचो. आप्पांना अर्धांगाचा झटका आला म्हणून दोन कपडे पिशवीत टाकून आलो. आप्पा वाचले. उजवा हात गेला, जीभ जरा जड झाली. अव्वा म्हणाली, “येवढी लगीनसराई निभाव बाबा, मग जा.” मी म्हणालो, बरं. लगीनसराई संपायच्या आतच जोतिबाची यात्रा आली, तिच्या ऑर्डरी आप्पांनी झटक्याआधीच घेतल्या होत्या. मग गावोगावच्या जत्रा, मग गणपती, मग नवरात्र, मग उरूस, मग कुठली ना कुठली निवडणूक. त्यातून मान वर काढावी तर पुन्हा तुळशीचं लग्न लागतं आणि माणसांची लग्नं सुरू होतात. आपल्या लोकांचं पंचांग नीट बघितलं तर त्यात मशीनवाल्याला पळून जायला एक फट नाही. मी बघितलंय.

पुण्याची खोली सुटली. बँडनं दुसरा गिटारवाला घेतला, आणि तसं मला सांगताना ते इतकं चांगलं बोलले की भांडताही आलं नाही. मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करायचो आणि ते पुरतं वर जायच्या आधीच मला ते परत खाली ओढावंसं वाटायचं. दुकानात उभं राहिलं की समोर हातभर गल्ली, तिच्या पलीकडं दुसऱ्याची भिंत. एवढंच आकाश. मी कुणावर चिडायचं? आप्पा काही मुद्दाम आजारी पडले नव्हते.

वायरी जोडायची सोल्डरची इस्त्री त्यांनी झटक्यानंतर हातात धरली नव्हती. डॉक्टर सांगत होते, डाव्या हाताला कामाला लावा, काहीही करा, शेंगा सोला, वायर सोला. आप्पा ऐकून घ्यायचे आणि टेबलाकडं पाठ करून गल्लीकडं बघत बसायचे. गिऱ्हाईक आलं की गप्प. त्यांची स्वतःची जीभ अडखळत होती आणि ती लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून ते बोलतच नव्हते. अव्वा निपाणीकडची, रडायचं झालं तर कानडीत रडते. ती त्या दिवसांत स्वयंपाकघरात बरीच कानडीत बोलत असे.

गुदमरायला लागलो तेव्हा मी मशीन बांधायला घेतलं. बाजारात नवी व्हॉल्व्हची गिटारमशीनं मिळतात, पण त्यांच्या वाटेला जाणं माझ्या ऐपतीत नव्हतं. आणि खरं तर गरजही नव्हती. दुकानाच्या माळ्यावर आप्पांची जुनी मशीनं पडली होती, लोखंडी पेटीतली, दोन माणसांनी उचलावी अशी. ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं आल्यावर त्यांना कुणी विचारेना. बहुतेकांचे ट्रान्सफॉर्मर जळालेले. एकाचाच शाबूत होता, आणि ते नेमकं नृसिंहवाडीचं मशीन निघालं. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, “घे की. वापर. पडूनच हाय.”

सभेतल्या भाषणासाठी बांधलेलं मशीन मेटलला का निवडावं, असं मला इथल्या एका ड्रम वाजवणाऱ्या मित्रानं विचारलं होतं. कारण साधं आहे. भाषणाच्या मशीनमध्ये खालचा घुमारा मुळातच कमी ठेवलेला असतो, नाहीतर पुढाऱ्याचा एक शब्द कळणार नाही. तोच घुमारा मेटलमध्येही घात करतो. म्हणजे निम्मं काम आप्पांच्या पिढीनं आधीच करून ठेवलं होतं. उरलेलं मी केलं. पत्र्याला भोक पाडून एक जादा छोटा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आवाज एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फाटत जाईल. मधले कंडेन्सर बदलून लहान टाकले, म्हणजे फाटायच्या आधी खालचा सूर गाळला जाईल. मागच्या बाजूनं आवाजाला लगाम घालणारी एक वायर असते, तिचा लगाम ढिला केला. पहिल्यांदा चालू केलं तर मशीन नुसतं शिट्टी मारत बसलं. वायरींच्या जागा बदलत, जाळीची वायर घालत ती शिट्टी घालवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला.

मग खरी अडचण. व्हॉल्व्हचं मशीन पोटभर जोरात लावल्याशिवाय खुलत नाही आणि आमची गल्ली दोन सायकली शेजारून जाणार नाहीत एवढी. पहिल्याच दुपारी शेजारच्या काकू खाली आल्या. “काय रं, बाळ झोपलंय माझ्या लेकीचं.” याच काकू गणपतीत डॉल्बीपुढं फुगडी घालतात. भिंतीचा गिलावा पडेस्तोवर डॉल्बी चालते, पण माझी गिटार चालत नाही, याचा मला फार राग यायचा. शेवटी मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वीज अडवणारे मोठाले रेझिस्टन्स भरले आणि स्पीकरऐवजी मशीन त्या डब्याला जोडलं. मशीनला वाटायचं आपण मैदानात गर्जतोय. सगळी ताकद त्या डब्यात जाऊन नुसती गरम व्हायची आणि कानावर घातलेल्या हेडफोनात मला तिचा चिमूटभर आवाज मिळायचा. डब्याला हात लावला तर चटका बसायचा. वाजवून झालं की मी त्या डब्याकडं बघत बसायचो. त्याच्याबद्दल मला जी कणव वाटायची ती खरी कुणाबद्दल होती हे सांगायला नको.

आप्पा हे सगळं खुर्चीतून बघत होते. कधीकधी मी हेडफोन काढून छोट्या स्पीकरवर हळू लावायचो. ते मान वाकडी करून ऐकायचे.

“फाटतंय की रं.”

“आप्पा, ते तसंच पाहिजे.”

“तसंच म्हंजी?”

“फाटकंच पाहिजे. त्या गाण्यात तसंच असतंय.”

ते गल्लीकडं तोंड फिरवायचे. एकदा मात्र म्हणाले, “काम येत न्हाय ती मान्सं आसंच म्हणत्यात. ‘आवाज आसाच आसतोय.’ आख्खं आयुष्य ऐकत आलोय मी.” आणि पुन्हा गल्लीकडं तोंड. मला वाटलं, म्हाताऱ्यानं टोमणा मारला. मीही उलट काहीतरी बोललो असेन. त्या टोमण्याच्या आत काय शिजत होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

पुण्यात एक बाई गिटारसाठी व्हॉल्व्हची मशीनं बांधतात. मोठमोठे वाजवणारे त्यांच्याकडं मशीनं बदलून घ्यायला येतात. मी त्यांना माझ्या मशीनचा व्हिडिओ पाठवला होता. बरेच दिवस उत्तर नाही. मग एक दिवस फोनच आला. म्हणाल्या, हाताखाली माणूस हवा आहे, तुमचं काम बरं दिसतंय, पण व्हिडिओत कुणीही काहीही ऐकवतं. “मशीन मोकळ्या जागेत, पूर्ण जोरात ऐकल्याशिवाय मी माणूस घेत नाही. कोल्हापूरला माझं एक काम आहे, तेव्हा येऊन ऐकते.” मी फोन ठेवला आणि शटरच्या बाहेर जाऊन नुसता उभा राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या समोरच्या भिंतीला मी काही मनातल्या मनात बोललो नाही.

घरी सांगितलं. अव्वा म्हणाली, “जा बाबा, किती दिवस असा वाळत बसणार?” पण म्हणताना ती आप्पांकडं बघत होती. आप्पांनी फक्त विचारलं, “मशीन ऐकणार ती बाई? हेच?” मी म्हणालो, व्हय, हेच. त्यांनी मशीनकडं बराच वेळ बघितलं.

मोकळी जागा म्हणजे ड्रमवाल्या मित्राच्या चुलत्यांची फौंड्री. सुट्टीच्या दिवशी भट्टी बंद असते, शेडमध्ये काळ्या वाळूचे ढीग आणि भरपूर जागा. आजूबाजूला सगळे कारखानेच, कुणाचं बाळ झोपलेलं नाही. शहरातली मेटल वाजवणारी पाचपंचवीस डोकी गोळा करायचं ठरलं. आदल्या दिवशी मी मशीनचा प्रत्येक सांधा तपासला, मागचं झाकण स्क्रूनं बंद केलं आणि दुकानात टेबलावर ठेवलं.

आणि नेमकं बाई येणार त्याच दिवशी सकाळी गडमुडशिंगीत साखरपुडा. आप्पांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या घरचा, नाही म्हणायची सोय नाही. कर्णे बांधून, माइक लावून, तिथून परस्पर फौंड्रीत जायचं असं मी ठरवलं. मशीन न्यायला मित्र दुपारी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावून दुकानात येणार होता. निघताना आप्पा म्हणाले, “जा तू बिनघोर. मशीन हाय हितं. मी हाय.” किती दिवसांनी ते ‘मी हाय’ म्हणाले होते. मला बरं वाटलं.

साखरपुडा लांबला. सासऱ्याला भाषण करायचं होतं, मग दुसऱ्या सासऱ्यालाही करावंसं वाटलं. “ए मशीनवाला, जरा वाढीव की!” मी वाढवलं. फौंड्रीत पोचलो तेव्हा मशीन स्पीकरच्या खोक्यावर चढवून ठेवलेलं, पोरं वाळूच्या ढिगांवर बसलेली, आणि पुण्याच्या बाई एका लोखंडी साच्यावर रुमाल अंथरून बसल्या होत्या. साध्या, पिकल्या केसांच्या, हातावर सोल्डरचे जुने चटके. मला त्या बघताक्षणी आवडल्या.

मी गिटार जोडली, व्हॉल्व्ह तापू दिले, आणि पहिला ठोका मारला.

शेडभर एक गोड, गोल, स्वच्छ सूर पसरला. सहा तारा सहा वेगळ्या ऐकू आल्या. मला वाटलं वायर चुकीच्या भोकात गेली. बदलून बघितली. आवाज वाढवला. सूर मोठा झाला, तितकाच निर्मळ. बटण शेवटपर्यंत फिरवलं. शेडचे पत्रे थरथरले, पण आवाजावर एक ओरखडा नाही. ढिगावरून कुणीतरी म्हणालं, “भावा, आता भजन घे!” आणि सगळे हसले.

“एक मिनिट,” म्हणून मी मशीन मागं वळवलं आणि झाकण काढलं.

माझा जादा व्हॉल्व्ह जागेवर नव्हता. त्याच्या वायरी सोडवून, टोकांना पट्टी गुंडाळून बाजूला वळवल्या होत्या. कंडेन्सर जुन्या मापाचे. मागचा लगाम पूर्वीसारखा घट्ट. आणि गिटार जिथं आत शिरते तिथं एक रेझिस्टन्स आडवा टाकला होता, म्हणजे गिटारनं कितीही आरडाओरडा केला तरी आत जाताना त्याची कुजबुज व्हावी. कोपऱ्यात माझे काढलेले सगळे भाग एका पिशवीत घालून, दोऱ्यानं बांधून, पत्र्याला चिकटवलेले. ही आमच्या दुकानाची रीत आहे. दुरुस्तीत जे काढलं ते गिऱ्हाइकाला परत द्यायचं, म्हणजे त्याला वाटायला नको की आपला माल ढापला. आप्पांनी मला माझा माल परत दिला होता.

सांधे बघितले आणि मला सगळं कळलं. आप्पांचे सांधे लहान, चकचकीत, डाळीच्या दाण्याएवढे असायचे. हे जाड होते, ओघळलेले. एका ठिकाणी इस्त्री घसरून वायरीचं आवरण जळलं होतं. तिथं पुन्हा नीट गुंडाळलं होतं. डाव्या हाताचं काम होतं ते. ज्या हातानं शेंग सोलली नव्हती त्या हाताचं.

मला राग आला. लाज वाटावी इतका आला. माझ्या सुटकेचा एक दिवस होता आणि तो या माणसानं माझ्या पाठीमागं नीट करून, झाकण लावून ठेवला होता. सगळं पुन्हा बदलायला तासन् तास लागले असते. पण तो आडवा रेझिस्टन्स तरी तोडता आला असता. तेवढ्यानं माझा आवाज आला नसता, पण निदान थोडा खरखरला असता, बाईंच्या कानाला चुणूक तरी मिळाली असती. कटर माझ्या हातात होतं. मी त्याची टोकं सांध्याला लावलीसुद्धा. त्या ओघळलेल्या गोळ्यावर इस्त्री कुठं कुठं थरथरली होती ते दिसत होतं. माझ्याच्यानं ते तोडवलं नाही. मी झाकण लावलं.

जे होतं त्यावर वाजवलं. मेटलचे ठोके त्या निर्मळ आवाजात इतके केविलवाणे वाटत होते की पोरं हसायचीही थांबली. झाल्यावर बाई उठून जवळ आल्या. “मशीन सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “खूप दिवसांत इतकं स्वच्छ मशीन ऐकलं नाही. पण व्हिडिओत जे ऐकलं ते हे नव्हे. सगळं तुम्हीच केलंय ना?”

एका वाक्याचा प्रश्न होता. माझ्या वडिलांनी दुरुस्त केलं, एवढं म्हटलं असतं तर त्या कदाचित पुन्हा आल्या असत्या. मित्र माझ्याकडं बघत होता. दुकानातून मशीन उचलताना त्यानं आप्पांना बघितलं होतं, त्याला अंदाज आला असावा. पण ढिगावरची पोरं कान देऊन बसली होती. ती गोष्ट कोल्हापुरात संध्याकाळच्या मिसळीआधी सगळीकडं पोचली असती. मेटलचं मशीन दुरुस्त करणारा म्हातारा. वर्षभर हसले असते लोक. मला त्यांच्या हसण्यात आप्पा द्यायचे नव्हते.

“हो,” मी म्हणालो. “मीच.”

“बघते, कळवते,” त्या म्हणाल्या. कळवते म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

घरी आलो तर दुकानातला दिवा लागलेला आणि आप्पा टेबलाकडं तोंड करून बसलेले. पुढ्यात एक उघडा माइक. मला बघून ते उठले. अव्वा मागून हात पुसत आली, तिचा चेहरा नुसता उजळलेला.

“फाटला न्हाई न्हवं?” आप्पांनी विचारलं.

येताना रस्ताभर मी भांडणाची एकेक ओळ पाठ करत आलो होतो.

“न्हाई आप्पा. एकदम स्वच्छ.”

“मग! मला म्हाईत हुतं.” त्यांची जीभ अडखळली, पण ते थांबले नाहीत. “तुला जमत नव्हतं, आनि तू लाजून म्हनत हुतास तसंच पायजे म्हणून. पुण्याच्या बाईम्होरं पोराची इज्जत जायाला नको. सकाळधरनं बसलोय. तुझ्या आईनं बॅटरी धरली.”

“दोनदा चटका बसला त्यांना,” अव्वा म्हणाली. “पण उठले न्हाईत.”

आप्पांनी डावा हात पुढं करून मला चटके दाखवले. जसं एखादं पोर शाळेतलं बक्षीस दाखवतं तसे. मग म्हणाले, “हात चालतोय माझा. आता दुकान मी बघतो. तू जा पुण्याला. लई दिवस डांबून ठेवलं तुला आम्ही.”

मी वर गेलो आणि तोंडात टॉवेल कोंबून रडलो. अव्वाला सांगितलं, धूळ गेली डोळ्यात, फौंड्रीची.

त्याला आता बरेच महिने झाले. डॉक्टर आप्पांवर खूश आहेत. ते सकाळी माझ्याआधी टेबलावर बसतात, गिऱ्हाइकांशी बोलतात, अडखळत बोलतात पण बोलतात. प्रत्येकाला सांगतात, पोरगं पुण्याला चाललंय, मोठ्या ठिकाणी, मशीन ऐकूनच बाई खूश झाली. बाई ‘मशीन सुरेख आहे’ म्हणाल्या, एवढंच मी घरी सांगितलं होतं. नृसिंहवाडीच्या गोष्टीच्या मागोमाग आता ही गोष्ट येते. ते मशीन दर गुरुवारी एका भजनी मंडळाकडं जातं, आणि ते घेऊन जायला मीच असतो. उघडून पुन्हा माझं करावं म्हटलं तर आप्पा शेजारीच बसलेले असतात. “चालत्या मशीनला हात लावू नै,” ते म्हणतात. एकदा ते आंघोळीला गेलेले बघून मी झाकण काढलं होतं, इस्त्रीही तापत ठेवली होती. ते ओघळलेले सांधे बघितले आणि इस्त्रीची पिन काढली. पुण्याच्या बाईंचा नंबर माझ्याकडं आहे. मी लिहितो, ‘माझ्या वडिलांनी’, आणि तिथंच अडतो. खरं लिहिलं आणि त्या पुन्हा आल्या, तर मला तो आवाज फाडून दाखवावा लागेल. फाडला, तर या माणसानं कशासाठी हात हलवला होता?

पूर्वी मला जाऊ देत नव्हते म्हणून मी इथं होतो. आता ते रोज मला निरोप देतात.

परवा सकाळीही असंच. आप्पा डाव्या हातानं एका कर्ण्याचं युनिट उघडत होते, मी केबल गुंडाळत होतो. माझा मोबाइल वाजला. आप्पांचा हात थांबला. प्रत्येक वेळी थांबतो. “बघ, पुण्याचा आसंल,” ते म्हणाले आणि फुललेल्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघायला लागले.

मी फोन कानाला लावला. पलीकडं मांडवातला गलका होता.

“हॅलो, मशीनवाले का?”

आप्पा बघत होते.

“व्हय,” मी म्हणालो. “बोला.”